गणपतचा ट्रे

पुलगावचा फोटोवाला गणपत गेल्याचं पत्र आलं तेव्हा मी वांगी निवडत होतो. वाचून आधी हसूच आलं.

फार वर्षांपूर्वी माझ्या बहिणीला पाहायला आलेले लोक तिचा फोटो घेऊन संध्याकाळच्या गाडीनं निघणार होते, आणि गणपतच्या तिन्ही प्रती अर्ध्या काळ्या, अर्ध्या फिक्या निघाल्या.

"पानीच खराब हाय, भाऊ."

चौथ्या वेळी मी त्याच्यासोबत अंधाऱ्या खोलीत शिरलो. कागद औषधात असताना ट्रे हलता ठेवायचा असतो, नाहीतर फोटो सारखा उठत नाही. ट्रे निपचित पडलेला, आणि गणपत दोन्ही हातांनी तंबाखू मळून राह्यला.

"ट्रे कोनं हालवाचा?"

"मंग तंबाखू कोनं मळाची?"

ट्रे मी हलवला. लग्न जमलं.

त्यानंच काढलेल्या माझ्या लग्नाच्या फोटोत बायकोचा एक गाल काळा आहे. "निगेटिवची काच हाय माह्याजवळ, येजो, नवा काढून देतो," असं तो दरवेळी म्हणायचा. बायको होती तोवर गेलो नाही. नंतरही नाही.