आपोआप जोडलेला फोन

जुना राउटर परत करायच्या रांगेत शिंपीकाकांची नजर समोर होती, पण कान मागच्या दोघी बहिणींकडे.

“नवा बसला ना? मग सगळं जोडलंस?”

“टीव्ही, गीझर, दारावरचा कॅमेरा. एकेकाला पासवर्ड देताना नाकी नऊ आले, ताई.”

“आणि नवऱ्याचा फोन?”

“तो आपोआप जोडला गेला. आपला राउटर काढलेला, तरी ह्यांची मॅच चालू!”

“कुणाच्या इंटरनेटवर?”

“खालच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंच्या.”

“त्याच वेळी पासवर्ड मागितला असेल गं.”

“जागचे हललेसुद्धा नाहीत. फोनला आधीपासूनच तोंडपाठ होता.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही. नवा पासवर्ड त्यांना सांगितलाच नाही. आज अकरा दिवस झाले.”

“चिडले असतील!”

“चिडायला आधी मागावा लागतो, ताई.”