नावं ठेवली आणि नाव हुकलं

...नाही, मला एक सांगा, सात खलनायक! मोजून सात! आणि अडीच तासांत एकानं, अहो एकानंसुद्धा, धड एक वाईट काम करू नये? मग एकत्र आलात कशाला, गप्पा मारायला? एक तोंडातून आग काढतो, एक हात लावेल तिथे बर्फ करतो, एक बाई लांबूनच लोखंड ओढून घेते, एक नुसता ओरडतो... झाले चार. उरलेले तिघं काय करतात ते मला अजून समजलेलं नाही, आणि तुम्हाला सांगतो, त्या पिक्चरला मी तीनदा जाऊन आलोय! हसू नका. हसण्यासारखं काही नाहीये त्यात. तोंड लपवण्यासारखं आहे.

बसा हो, उभे का? तुमच्या कोटाला अस्तर लावायचं राहिलंय, अर्धा तास तरी जाईल. तोवर ऐका. कुणाला तरी सांगायलाच हवंय मला, घरात सांगायची सोय राहिलेली नाही.

तर आमची मुलगी, एकुलती एक, कॉम्प्युटरवर काम करते. पिक्चरवाल्यांसाठी. नक्की काय करते ते चार वर्षं झाली तरी माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. एकदा म्हणाली, 'बाबा, पिक्चरमध्ये जे नसतं ते आम्ही घालतो आणि जे नको असतं ते काढतो.' मी म्हटलं, 'अगं मग तू पण अल्टरचंच काम करतेस की!' केवढी हसली होती! पण कुठल्या पिक्चरचं काम चाललंय हे विचारायचं नाही. आधीच सह्या घेतात म्हणे, आईबापालासुद्धा सांगायचं नाही. घरी यायची ती डोळे लाल करून, मान आखडलेली, आणि ताटावर बसल्या बसल्या पेंगायची. आम्ही विचारायचो, झालं का काम? 'नाही, परत आलं. दुरुस्त्या आहेत.' आता दुरुस्तीचं दुःख टेलरला कुणी सांगायला नको. तीस वर्षं लोकांच्या पोटांप्रमाणे पँटी उसवतोय मी.

आणि एक दिवस ती म्हणाली, 'बाबा, शनिवारी दुपारी दुकान बंद ठेवा. तिघांनी पिक्चरला जायचंय.'

'कुठल्या?'

'ते सगळे खलनायक एकत्र येतात ना, तो.'

'आणि नायक कुठे गेला?'

'बाबा, तुम्ही फक्त या. आणि शेवटपर्यंत बसायचं हं. अगदी शेवटपर्यंत.'

आता, या वाक्यात एखाद्या शहाण्या माणसाला काही ऐकू आलं असतं की नाही? आलं असतं! पोरीनं तीन तीनदा विचारलं, निळा शर्ट घालाल ना, दाढी कराल ना... पिक्चरला कोण दाढी करून जातं? अंधारात? पण नाही. मी मात्र शहाणा नाही, टेलर आहे.

गेलो. मध्ये पोरगी, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमची ही. सुरू झाला पिक्चर. पहिली वीस मिनिटं, तुम्हाला सांगतो, नुसती मीटिंग! सातही खलनायक एका लांबलचक टेबलाभोवती बसलेत आणि एकेक जण आपलं लहानपण सांगतोय. आगवाल्याला वडिलांनी कोंडून ठेवलेलं. बर्फवाल्याशी शाळेत कुणी बोलायचं नाही. ती लोखंडवाली रडायलाच लागली! मी म्हटलं, अरे हे खलनायक आहेत की कुणाच्या तेराव्याला जमलेत? आमच्या टेलर संघटनेच्या सभेत याच्या चौपट दुष्टपणा असतो, आणि तिथे चहासुद्धा मिळतो!

मनात म्हणायचं होतं. पण हे तोंड... गप्प बसेल तर शपथ!

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. एक जाडसर गृहस्थ होते, चांगले सहकुटुंब आलेले. आणि इथे घात झाला बघा. ते हसले नसते ना, तर मी थांबलो असतो. पण एकदा कुणी हसलं की माणसाच्या अंगात येतं. मला वाटलं, लोकांना आवडतंय! मग आगवाला आला की मी, 'इस्त्री तापली!' ओरडणारा आला की मी, 'याला पाणी द्या रे कुणीतरी!' मागची सगळी रांग हसतेय, पुढचे दोघं वळून बघतायत... आणि मी आपला फुगतोय, फुगतोय! आमच्या हिनं पोरीच्या पाठीमागून हात घालून मला दोनदा चिमटा काढला. मला वाटलं, तीही हसतेय.

आणि मग आला तो झगेवाला. सातांचा पुढारी. काळा झगा, पायघोळ, जमिनीवर हातभर लोळतोय. आता कापड म्हटलं की माझा हक्कच ना? मी म्हटलं, 'हे कापड आहे? याला वजन कुठाय? वारा डावीकडून आणि झगा फडफडतोय डावीकडेच! खांद्यावर एक चुणी नाही! कुणी केलंय हे? माझ्याकडे कामाला असता ना, तर पहिल्या दिवशी हाकलला असता, म्हटलं असतं बाबा रे, तू पोती शिव!'

मागची रांग खो खो हसली. जाडसर गृहस्थांनी तर माझ्या खांद्यावर थाप मारली. आणि पोरगी... मी सहज तिच्याकडे बघितलं, तर ती खुर्चीत इतकी खाली घसरलेली की डोकं खुर्चीच्या हातांच्या उंचीला आलेलं. मी विचारलं, 'काय गं, झोप आली? साहजिक आहे, असला पिक्चर!'

तरी कळू नये? अहो दगडाला कळलं असतं. पण हे तोंड... गप्प बसेल तर शपथ!

शेवटी त्या सातांहूनही मोठा एक राक्षस आला होता, तो मेला एकदाचा. पांढरी नावं वर सरकायला लागली आणि मी ताडकन उठलो. म्हटलं, चला, आता गाड्या काढायला झुंबड उडेल. पोरगी म्हणाली, 'बाबा, शेवटपर्यंत...' मी म्हटलं, 'अगं मेला की तो! मेल्यानंतर आणखी कसला शेवट?' आणि सगळ्यांच्या गुडघ्यांवरून उड्या मारत मी बाहेर.

खाली गाडीपाशी उभा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोघींचा पत्ता नाही. सगळ्या गाड्या निघून गेल्या, ते जाडसर गृहस्थ हात करून गेले, 'काका, तुमच्यामुळे पैसे वसूल!' म्हणाले. आणि मी हो हो करून त्यांना हात केला. केला हो! मग या दोघी आल्या. आमच्या हिचे डोळे सुजलेले. मी म्हटलं, 'काय झालं? तो राक्षस मेला म्हणून?'

ही म्हणाली, 'नाव आलं तिचं.'

'कुणाचं?'

'तुमच्या मुलीचं. पडद्यावर. एवढं मोठं नाही, लहानच, पण आलं. आम्ही दोघींनी बघितलं. तुम्ही दोन तास ज्याला नावं ठेवत होतात ना, त्यात अकरा महिन्यांचं काम आहे तिचं.'

काय सांगू तुम्हाला! उभ्या उभ्या कुणीतरी माझी शिवण उसवली. मी दोन तास नावं ठेवली आणि तिथे पोरीचं नाव येऊन गेलं! पोरगी काय म्हणाली असेल? रागावली? रडली? नाही. 'असू दे बाबा,' म्हणाली आणि गाडीत मागे जाऊन बसली. असू दे! रागावली असती तर पाय धरले असते हो. 'असू दे'ला माणसानं काय करायचं? घरी पोचेपर्यंत कुणी बोललं नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा, जेव्हा खरंच काहीतरी बोलायला हवं होतं, तेव्हा हे तोंड उघडेल तर शपथ!

सोमवारी दुकानाला कुलूप लावून एकटाच गेलो. म्हटलं, नाव तरी बघू. एवढा मोठा पिक्चर परत बघितला, त्या सातांची सात लहानपणं परत ऐकली... मधल्या मारामारीत डोळा लागला माझा, खोटं कशाला बोलू... शेवटी नावं आली. अहो नावं कसली, मुंग्यांची रांग! शेकड्यांनी! मी चष्मा लावला तोवर अर्धी गेलेली, आणि मग झाडूवाल्या बाई नेमक्या समोर येऊन उभ्या राहिल्या. 'काका, संपला पिक्चर.' मी म्हटलं, 'बाई, सरका!' त्या सरकेपर्यंत पडदा काळा.

बुधवारी परत. या खेपेला दारावरच्या माणसाला विचारून शेवटच्या वीस मिनिटांनाच आत शिरलो, चष्मा आधीच पुसून ठेवलेला. झाडूवाल्या बाई होत्याच. मी उभा राहून बोटानं एकेक ओळ वाचतोय, आणि आलं! आलं हो! माझं नाव तिच्या नावामागे लावलेलं, सगळं पूर्ण, एक काना इकडचा तिकडे नाही! मी ओरडलो, 'माझी मुलगी! माझी मुलगी!'

बाई धावत आल्या. 'कुठाय? हरवली का?'

मी पडद्याकडे बोट केलं, तर ते वर निघून गेलेलं. तिथे कुणी ड्रायव्हर, कुणी हिशोबनीस. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं... आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, झाडू भिंतीला लावला आणि शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, 'चांगलंय. माझा मुलगा पण लांब असतो.' ज्या पडद्यासमोर शनिवारी अख्खी रांग हसवली होती, त्याच पडद्यासमोर मान खाली घालून बसलो.

घरी आलो. पोरगी जेवत होती. समोर बसलो आणि घाईघाईनं सुरू केलं, 'अगं, मी परत बघितला. दोनदा. आणि तुला सांगतो, तो झगा! काय झगा आहे! काय फडफडतो! पहिल्यांदा अंधारात मला नीट दिसलं नाही बघ. खांद्यावरून कापड असं काही पडतं, तीस वर्षांत मला जमलं नाही. मी चुकलो. पोती मी शिवायला हवीत.'

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात आली.

'बाबा,' पोरगी म्हणाली, 'झगा माझा नाहीये.'

'म्हणजे?'

'झगा दुसऱ्या लोकांनी केला. आणि तुम्ही बोललात ते बरोबर होतं, वारा उलटाच आहे. आम्ही ऑफिसात सगळे त्याला हसतो.'

'मग... तुझं काय?'

'धूळ.'

'धूळ?'

'मध्ये ती उंच इमारत कोसळते ना? तिची धूळ. रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळून येते, खिडक्यांवर बसते, एका बाईच्या केसांवर बसते. ती सगळी माझी. अकरा महिने.'

मी आठवायला लागलो. इमारत... कोसळते... अरे देवा! शनिवारी इमारत पडायला लागली तेव्हा मी 'सगळ्या पिक्चरमध्ये सारखीच पडते' म्हणून पॉपकॉर्न आणायला बाहेर गेलेलो. सोमवारी, मारामारीत डोळा लागला म्हटलं ना, तो तिथेच. बुधवारी मी आत शिरलो तेव्हा इमारत पडून तास झालेला. तीनदा गेलो, हो! नको त्याला नावं ठेवली, मग नको त्याची वाहवा केली, आणि जे बघायचं ते एकदाही बघितलं नाही!

सांगितलं तिला. सगळं सांगितलं, पॉपकॉर्नसकट. वाटलं, आता मात्र ताट सरकवून उठेल. उठली नाही. भात कालवायला लागली. मग म्हणाली, 'मला वाटलेलं, इमारत पडताना तुम्ही मुद्दाम उठून गेलात.'

अहो, चार दिवस ती पोर हेच मनात धरून बसलेली!

मी म्हटलं, 'बाळा, उद्या जाऊ. तू नि मी. इमारत पडताना मी पापणी लववणार नाही, तोंडाला टाके घालून बसतो. चल.'

ती म्हणाली, 'तुम्ही जा, बाबा. मी नाही येणार. फारच टुकार पिक्चर आहे हो तो.'

...एकच तिकीट काढलंय मग. उद्या दुपारचं. घ्या, हात घाला कोटात.