ऐंशी अंशांवर रात्रभर

मॅडम : ...म्हणजे शुक्रवारी तोंडी परीक्षेत तू परीक्षकांनाच सांगणार, की तुमच्या हाताला गुण नाही?

विद्यार्थिनी : तसं नाही हो. पण माझं उत्पादन एक्क्याण्णव टक्के आलंय, पाच वेळा. त्यांचं काहीच येत नाही, त्याला मी काय करू?

मॅडम : तीनदा भोपळा, बये! प्रबंध वाचून स्वतःच्या लॅबमध्ये रिॲक्शन लावून बघणारा परीक्षक लाखात एक असतो. तो नेमका आपल्या वाट्याला आलाय. आज चौथ्यांदा करतायत. पुन्हा भोपळा आला तर डिग्री विसर. आकडे खरे आहेत ना?

विद्यार्थिनी : आईशपथ!

मॅडम : मग त्यांची मेल ऐक. "सल्फोनियम क्षार प्रबंधात लिहिल्याप्रमाणे ऐंशी अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये सुकवले. सकाळी ताटलीत नुसतं घाण वासाचं तेल." काय गं, चेहरा का उतरला?

विद्यार्थिनी : ते... मी कधी सुकवलेच नाहीत.

मॅडम : काय?

विद्यार्थिनी : आपला ओव्हन कायम काचसामानाने भरलेला! कोण ताटकळत बसणार? फिल्टर पेपरवर दाबायचे नि तसेच ओले फ्लास्कमध्ये ढकलायचे.

मॅडम : मग लिहिलंस कशाला?

विद्यार्थिनी : तुमच्या रिसर्च पेपरातून उचललं. तुमच्या सगळ्याच पेपरांत ते वाक्य आहे.

मॅडम : धन्य आहेस! अगं, तापल्यावर क्षारातल्या आयोडाइडने आपल्याच जोडीदाराचा मिथाइल पळवला. रिॲक्शनमध्ये तो मिथाइल फिनॉलला जोडायचा होता, त्याला द्यायला उरलं काय? डोंबल!

विद्यार्थिनी : आणि तो मिथाइल आयोडाइड होऊन उडाला.

मॅडम : हो ना! पहिल्याच पानावर मिरवलंयस, "विषारी मिथाइल आयोडाइडऐवजी सुरक्षित घन क्षार." आणि तेच विष त्या माणसाला रात्रभर शिजवायला लावलंस.

विद्यार्थिनी : अगं बाई! मॅडम, आजही ओव्हन लावला असेल त्यांनी.

मॅडम : फोन लाव. आत्ता.

(फोन होतो. दोन मिनिटांचा.)

विद्यार्थिनी : ओव्हन बंद केला त्यांनी. लेखी पाठवा म्हणाले. आवाज इतका थंड होता, मला रडूच येतंय.

मॅडम : रड नंतर. मेल लिही.

विद्यार्थिनी : मॅडम, एक विचारू? तुम्ही तरी कधी सुकवले होते?

मॅडम : आगाऊ आहेस.

विद्यार्थिनी : सांगा ना.

मॅडम : मीसुद्धा माझ्या गाइडच्या पेपरातून उचललं. त्यांनी कुठून उचललं, देव जाणे.

विद्यार्थिनी : वा! म्हणजे तीन पिढ्यांत एकानेही ओव्हनचं दार उघडलं नाही.

मॅडम : दात काढू नकोस. लिहिलंस?

विद्यार्थिनी : हो. "क्षार सुकवू नका. मी कधीच सुकवले नव्हते, न करता लिहिलं, चूक माझी." खाली माझं नाव. शुक्रवारी नापास केलं तर घरी काय सांगू हो?

मॅडम : थांब, पाठवू नकोस. माझंही नाव टाक.

विद्यार्थिनी : पेपरात असतं तसं, शेवटी?

मॅडम : नाही. पहिलं.