बिलकिसबाईंच्या गुलाबांना जकातमाफीची मुदतवाढ मिळणेबाबत

विषय : इथिओपियातील लघु निर्यातदार श्रीमती बिलकिस यांच्या गुलाबांवरील जकातमाफीस मुदतवाढ मिळणेबाबत. संदर्भ : आमचाच अर्ज, आणि आमचीच स्मरणपत्रे, एक ते नऊ.

हसा, हसा! पण तुम्हाला सांगतो, अलिबागला जिल्हा परिषदेत छत्तीस वर्षं लिहिलं त्यातलं एक पत्र असं गेलं नाही, आणि गेलं कुठून तर इथून, सौदीतल्या ताइफहून! मुलगा रोहन इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, सूनबाई सुरुची तिथेच सिस्टर, दोघांच्या ड्यूट्या अशा की नवराबायकोची भेट पार्किंगमध्ये, तेव्हा नातीला सोबत हवी म्हणून मला बोलावलं... आणि निवृत्त कारकून रिकामा दिसला की लोकांना अर्ज सुचतात, त्याला मी काय करू?

आमच्या इमारतीखाली इब्राहीमभाईंचं फुलांचं दुकान. माणूस म्हसळ्याचा, रायगडातला, म्हणजे घरचाच. आता ताइफ म्हणजे गुलाबांचं गाव, बरोबर? चूक! इथला गुलाब जातो अत्तराच्या हंड्यात, आणि लग्नाच्या स्टेजला गुलाब येतो इथिओपियातून, विमानात बसून! पाठवणार कोण, तर बिलकिसबाई. त्यांची फुलांची शेड, तिथे चाळीस बायका. आफ्रिकेतल्या लहान निर्यातदारांना इथे जकात माफ, म्हणून त्यांचं फूल परवडायचं. ती माफी त्या वर्षी संपणार, वाढवून घेतली नाही तर शेडला कुलूप. इब्राहीमभाई म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी तेवढा अर्ज लिवा, तुमचा हात लागला की कागद कुठं अडत नाय."

लिहिला! योग्य त्या मार्गाने!

बिलकिसबाईंचा फोन आला. "बाबा, पेपर गुड?" म्हटलं, व्हेरी गुड. "बाबा, फॉर्टी सिस्टर वेटिंग." म्हटलं, वेट. सोबत त्यांचा, फुलं इथिओपियाचीच असल्याचा, मूळ देशाचा दाखला आला होता, जांभळा शिक्का, सही, सगळं झकास, आणि तारीख? साल 2017! अहो, चालू साल 2025, आणि दाखला आठ वर्षांपूर्वीचा! म्हटलं, गरीब बाई, टायपिस्टाने घोळ घातला. आता चूक दिसल्यावर कारकुनाचा हात थांबतो का? मी 2017 वर रेघ मारली, वर सुवाच्य अक्षरात 2025 लिहिलं आणि शेजारी माझी आद्याक्षरं. दुरुस्ती साक्षांकित! आमच्याकडे अशा दुरुस्त्यांवर शाळा उभ्या राहिल्या आहेत!

संध्याकाळी सानिकाला, म्हणजे नातीला, कौतुकानं सांगितलं. तिने मान वर न करता म्हटलं, "आजोबा, देअर कॅलेंडर इज डिफरंट. वहाँ अभी 2017 ही चल रहा है."

अहो, इथिओपियात तेरा महिन्यांचं वर्ष, आणि आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे! इथल्या कार्यालयात हिजरी 1446, माझ्या खिशात 2025, बाईंच्या शेडमध्ये 2017... आणि तिघांत बरोबर कोण? सगळे! चुकला कोण? मी!

सकाळी धावत जकात कार्यालयाच्या खिडकीवर गेलो. साहेबाने दाखला उजेडाला धरला. "ये किसने किया?" म्हटलं, मी. "आप कौन?" तुम्हाला सांगतो, छत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, सर, करेक्शन, साइन्ड! तो म्हणाला, "खलास. नया सर्टिफिकेट लाओ." रागावला नाही, ओरडला नाही, चहासुद्धा विचारला. अशा माणसापुढे काय करायचं?

नवा दाखला मागवला, तर बाईंच्या तिकडचं कार्यालय म्हणतं, "आमचा दाखला बरोबर होता, दुसरा कशाला?" बरोबरच होता हो! इकडचे म्हणतात, नव्याशिवाय विचार नाही. तिकडचे म्हणतात, जुना असताना नवा नाही. मध्ये मी स्मरणपत्र क्रमांक तीन, चार, पाच... योग्य त्या मार्गाने! तेवढ्यात माफीची मुदत सरली. एक खोकं विमानतळावर तसंच पडून राहिलं, मी बघायला गेलो होतो. फुलं काळी पडली होती, खोक्यावरचा जांभळा शिक्का मात्र ताजा.

इब्राहीमभाईंनी दुसऱ्या देशातून फुलं घेतली, लग्नं काय थांबतात का? ते माझ्यावर चिडलेही नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. आणि शेडला कुलूप लागलं. चाळीसच्या चाळीस बायका घरी.

मग बाईंचा फोन. "बाबा, पेपर?" म्हटलं, पेंडिंग. मग म्हणाल्या, "बाबा, एनी वर्क?"

इब्राहीमभाई म्हणाले, "भाऊसाहेब, सुरुचीताईंना घरकामाला बाई हवी होती ना?" रोहनने एजन्सीत बिलकिसबाईंचं नाव दिलं, आणि काय सांगू तुम्हाला, तिसाव्या दिवशी व्हिसा! फोटो, मेडिकल, शिक्का, यल्ला, चला! कुणी तारीख विचारली नाही, कुणी दाखला उजेडाला धरला नाही. फुलाला यायला जकात. फूल लावणाऱ्या बाईला काही नाही. त्याही आल्या, योग्य त्या मार्गानेच! कफील, म्हणजे इथला जामीनदार मालक, कोण? आमचा रोहन.

आता रोज सकाळी मी दहाव्या स्मरणपत्राचा मसुदा घेऊन बसतो, त्या चहा आणून ठेवतात, कागदाकडे बघतात. विचारत नाहीत. मीच सांगतो.

अर्ज प्रलंबित आहे. अर्जदार स्वयंपाकघरात आहेत.