डॉक्टरांना वाटलं, मला कळत नाही

...आणि वर म्हणते कशी, "या लोकांचे जबडेच वेगळे असतात हो डॉक्टर." कुणाच्या जबड्यात हात घालून म्हणते? माझ्या! तुम्हाला सांगते, मी त्या दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडवी, डोळ्यांवर तो भलामोठा दिवा, गालाला भूल, जिभेचा ओला बोळा झालेला, ओठाला अडकवलेली नळी सुर्र सुर्र करत लाळ ओढतेय... आणि डॉक्टर आणि त्यांची मदतनीस बाई, दोघं माझ्या तोंडावर वाकून माझ्याचबद्दल बोलतायत. इथल्या भाषेत. आणि मला इथली भाषा येते हो, चांगली येते. पण सांगणार कशी? माझं तोंड उघडं.

तुम्ही म्हणाल, आधीच का नाही सांगितलंस? अहो, दाढ ठणकत होती. कानापासून मानेपर्यंत कुणीतरी तार ओढतंय असा ठणका. त्यात डॉक्टरांनी मला दारातच बघितलं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सोडत इंग्रजीत विचारलं, "कुठे... दुखतं?" मी बोट दाखवलं. संपलं. त्यांनी ठरवून टाकलं, हिला आपली भाषा येत नाही.

आता मी इथं पाळणाघरात कामाला. दिवसभर एवढीएवढीशी पोरं याच भाषेत माझ्याशी भांडतात, रडतात, एकमेकांच्या चहाड्या सांगतात, त्यांच्याकडूनच तर शिकले मी. मला कळायचं काय राहणार?

तर डॉक्टर म्हणाले, "ही माणसं दात घासत नसावीत." बाई म्हणाली, "घासतील कशाला, तिकडे पाणी तरी असतं का?" डॉक्टर म्हणाले, "येतात, एका खोलीत दहा-दहा जण राहतात, आणि आपली भाषा शिकायचं नाव नाही." आणि हे सगळं चाललेलं असताना बाईचा एक हात माझ्या खांद्यावर, हळूहळू थोपटतोय. मी जरा दचकले की "झालं हं, झालं," असं मोडक्या इंग्रजीत, इतक्या मायेनं, की माझ्या सख्ख्या मावशीनंही कधी तसं थोपटलं नसेल. हात असा आणि जीभ अशी, एकाच बाईची! मला रडू फुटलं, ते दाढेमुळं की हिच्यामुळं, देव जाणे. बाईनं माझे डोळे पुसले. अगदी हलक्या हातानं. आणि पुसता पुसता डॉक्टरांना म्हणते, "रडतेय बघा. नाटकी असतात ही माणसं." आणि माझं तोंड उघडं.

इथवर मी गिळलं. म्हणजे मनातल्या मनात, एरवी गिळायलाही येत नव्हतं, नळी होती. म्हटलं जाऊ दे, मला कुठं ओळखतात ही? पण मग डॉक्टर म्हणाले, "हिचा नवरा तो. आपला हसरा भोपळा."

हसरा भोपळा म्हणजे आमचे हे!

आमचे हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर असतात, बरोबरचे सगळे आपल्याकडचेच, त्यामुळं यांना इथल्या भाषेतलं 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' सोडलं तर ओ का ठो कळत नाही. याच दवाखान्यात हे कितीतरी दिवस दात बसवून घ्यायला जातायत आणि घरी येऊन मला सांगतायत, "अगं, काय गोड माणसं आहेत. किती गप्पा मारतात माझ्याशी. शब्द नाही कळत, पण भाव कळतो ना." भाव... या परक्या मुलखात यांना मित्र म्हणावं असं कुणी असेल तर ही दोघं. माझ्या हातची बिस्किटं डबा भरून नेली होती यांनी त्यांच्यासाठी.

"ती बिस्किटं मी कचऱ्यात टाकली," बाई म्हणाली. "कोण खाणार? आणि त्याला एकदा तोंडावर म्हटलं, तुझं डोकं रिकामं आहे, तर वाकून धन्यवाद म्हणाला." दोघं हसली. डॉक्टर हसले की त्यांचा हात हलतो, हात हलला की ड्रिल हलतं, आणि ड्रिल माझ्या दाढेत... आणि माझं तोंड उघडं.

शेवटी खुर्ची सरळ झाली, नळी निघाली. मी तोवर एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, व्याकरणासकट, असं टोकदार की दोघांची दातखीळ बसावी. दम घेतला आणि म्हटलं, "थुम्ही... फं... फफ." लाळ हनुवटीवर. बाईनं मायेनं रुमाल पुढे केला आणि डॉक्टरांना म्हणाली, "बघा. इतकं राहून एवढंच येतं."

घरी आले तर हे दारातच उभे. "भेटले ना? माझी आठवण काढली का?" मी मान हलवली. काढली होतीच की. यांना खरं काय ते सांगायचं म्हणजे या माणसाचे होते नव्हते ते मित्र काढून घ्यायचे. म्हटलं राहू दे, आणि चहा टाकला. पण दाढेचं काम अर्धं राहिलेलं, परत जाणं भाग होतं, आणि हे म्हणाले, "मीही येतो. तेवढ्याच गप्पा."

गेलो. मी खुर्चीत, हे कोपऱ्यात स्टुलावर, चेहऱ्यावर ते हसू. बाई आत आली आणि म्हणाली, "आज भोपळाही आलाय." हे उठले, वाकले आणि म्हणाले, "धन्यवाद."

तिथं माझं डोकं फिरलं. डॉक्टरांच्या हातातली सुई माझ्यापर्यंत यायच्या आत मी बोलले. ते जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं, आणि निघालं ते रोज पाळणाघरात निघतं तेच, त्याच सुरात. "असं बोलतात का कुणाला? नावं ठेवायची नसतात. त्याला किती वाईट वाटेल? इकडे बघा. दोघांनी सॉरी म्हणायचं. आत्ता."

डॉक्टरांची सुई हवेत. बाईचा आ वासलेला. लहानपणी अशाच कुठल्यातरी पाळणाघरात वाढली असणार दोघं, कारण एवढी थोरली माणसं, पण हात मागे घेतले आणि एका सुरात म्हणाली, "सॉरी, टीचर."

मग डॉक्टर कान लाल करून पुटपुटले, "आम्हाला वाटलं, तुम्हाला कळत नाही." म्हणजे बघा, बोलल्याचं नाही, मला कळल्याचं वाईट वाटलं त्यांना.

हे कोपऱ्यातून विचारतात, "काय गं, काय म्हणतायत?" म्हटलं, "बिस्किटं आवडली म्हणतायत."

दाढ छान झाली माझी. पण यांचं काम अजून चालू आहे, आणि आता हे दवाखान्यातून येतात ते मान खाली घालून. ती दोघं अदबीनं दार उघडतात, अदबीनं दात तपासतात, पण हूं नाही की चूं नाही. परवा जेवता जेवता हे माझ्यावरच घसरले. "तू त्या दिवशी काय बोललीस त्यांना? आधी किती मोकळेपणानं बोलायचे माझ्याशी. जरा माणसांशी गोड बोलायला शीक."

तुम्हाला सांगते, सगळं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं...

म्हटलं, "बरं. शिकते."