इंजिनाची दुसरी बाजू

वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायचं खूळ तुम्ही कुणी डोक्यात घेऊ नका राव. वारूळवाडीच्या माझ्या वर्कशॉपात मी त्यात आठ महिने घातले. हाताशी एकच जुना फोटो, त्यात इंजिनाची फक्त डावी बाजू. ती मी एकेक रिवेट मोजून तंतोतंत केली. उजवी मात्र कोरी, नुसता गुळगुळीत पत्रा. अंदाजानं काही लावायचं नाही, हा माझा हट्ट.

शेवटी इंजिन घेऊन मंचरला बायकोच्या मामांकडं गेलो. मामा तरुणपणी रेल्वेत ह्याच जातीच्या इंजिनावर फायरमन होते. विचारलं, "मामा, उजव्या बाजूनं कुठले पाइप जायचे?"

"आता काय सांगू जावईबापू? माझं तोंड सदा भट्टीकडं. इंजिन बाहेरून बघायला येळ कुणाला व्हता?"

माझा चेहरा पडला. मामांनी चष्मा लावून डावी बाजू निरखली. "एवढं खिळं नव्हतं बरं का."

मग त्यांनी इंजिन वळवलं, कोऱ्या पत्र्यावरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाले, "ही बाजू मातर लई बराबर जमलीय. अगदी अश्शीच व्हती."