पिरिऑडिकल म्हणजे काय?

आमच्या हस्तलिखित मासिकाचं सांगतो. उल्हासनगर कॅम्पात पहिला अंक घरोघर फिरवला, पण दुसऱ्यासाठी कुणी एक ओळ लिहीना. चिडून मी ते बंदच करायचं ठरवलं आणि अंक परत आणायला शेवटच्या वाचकाकडे गेलो. ते म्हणजे फाळणीत सिंधहून आलेले इंग्रजीचे म्हातारे मास्तर.

"बेटा, कव्हर पे पिरिऑडिकल लिखा है. मतलब?"

"ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा निघतं ते, मास्टरसाब."

"तो दूसरा अंक कब?"

"नाही निघणार. कुणी लिहीतच नाही."

मास्तरांनी उशाखालून कागद काढून हातात ठेवले. मोडक्यातोडक्या मराठीत त्यांनी सिंधमधल्या आपल्या घराविषयी लिहिलं होतं. मजकूर अंगणाशी येऊन थांबला होता.

"आणि पुढचं?"

"घर के अंदर तीसरे अंक में जायेंगे."